एनओने एकदा सांगितलं होतं

निवृत्त नौदल अधिकाऱ्याला महाराष्ट्रात सध्या बरा भाव आहे. २ सप्टेंबर २०२२ ला कोचीत विमानवाहू 'विक्रांत' नौदलात दाखल झाली, त्याच दिवशी नौदलाच्या ध्वजावरचा लाल क्रॉस गेला आणि शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून सुचलेला अष्टकोन आला. पुढच्या वर्षीचा नौदल दिन सिंधुदुर्गात, तारकर्लीला झाला. तेव्हापासून गणेश मंडळं, रोटरी क्लब, ज्येष्ठ नागरिक संघ, शाळांची स्नेहसंमेलनं अशी सगळीकडून बोलावणी येतात. शाल, श्रीफळ आणि कान्होजी आंग्र्यांवर वीस मिनिटं.

त्याआधी सूत्रसंचालक माझी ओळख वाचून दाखवतो. खडकवासल्याची प्रबोधिनी, अमुक जहाजावर नॅव्हिगेटर, तमुक जहाजाचा कॅप्टन, वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजात शिक्षक, कमोडोर म्हणून निवृत्त. त्यातलं एकही वाक्य खोटं नाही. कागद मीच लिहून दिलेला असतो, त्यामुळे खात्रीने सांगतो. फक्त कमोडोरच्या पुढे रिअर अ‍ॅडमिरल का झालो नाही, ते त्यात नसतं. कुणी विचारतही नाही, कारण कमोडोर मोठा की अ‍ॅडमिरल मोठा हे श्रोत्यांपैकी बहुतेकांना ठाऊक नसतं, आणि मी ते सांगायला जात नाही.

जे त्या कागदावर नाही ते इथे लिहितो. युद्धाबिद्धाचं त्यात काही नाही.

सुरुवात एका जाळ्यापासून करावी लागेल. मी लेफ्टनंट होतो. वॉचकीपिंगचं प्रमाणपत्र नुकतंच मिळालेलं, म्हणजे कॅप्टन झोपलेला असताना जहाज माझ्या भरवशावर. कॅप्टन रोज रात्री झोपण्याआधी नाइट ऑर्डर बुकात सूचना लिहून सही करतो. आमच्या कॅप्टनचं शेवटचं वाक्य ठरलेलं असे: शंका आली तर मला उठवा, शंका आली की नाही याबद्दल शंका असेल तरी उठवा.

मी उठवलं होतंही. काही दिवसांपूर्वी पहाटे उजव्या बाजूला क्षितिजावर एक झगझगीत पांढरा दिवा दिसला. दिशा बदलेना, उंची हळूहळू वाढत असल्यासारखी वाटे. दिवा ज्या दिशेला दिसतो ती बदलत नसेल आणि अंतर कमी होत असेल तर टक्कर होणार, हे तर पहिल्या वर्गात शिकवतात. मी कॅप्टनला उठवलं. ते लुंगीवरच ब्रिजवर आले, दुर्बिणीतून पाहिलं, म्हणाले, "तो शुक्र आहे. त्याला वाट द्या," आणि खाली गेले. ते रागावले नव्हते. पण वॉर्डरूममध्ये, म्हणजे अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये, माझं नाव 'व्हीनस' पडलं आणि ते बरेच दिवस पुसलं गेलं नाही.

म्हणून त्या रात्री मी उठवलं नाही. नारळी पौर्णिमा होऊन गेलेली, मासेमारीचा हंगाम भरात. रत्नागिरीच्या खाली किनाऱ्यापासून बरेच बाहेर आम्ही बारा नॉट्सने दक्षिणेकडे चाललो होतो. मिडल वॉच, म्हणजे मध्यरात्र ते पहाटे चार. लाकडी होड्या रडारवर नीट उमटत नाहीत. डोळ्यांनीच बघावं लागतं. समोर दोन दिवे होते, त्यांच्यामध्ये काळोखाची चांगली रुंद पट्टी. मी मधून जायचं ठरवलं.

लुकआउट हरयाणाचा पोरगा. समुद्र त्याने नोकरीत आल्यावर पहिल्यांदा पाहिलेला. तो म्हणाला, "सर, ये दोनों बत्ती साथ में हिल रही हैं. एक ही की लगती हैं."

आता माझं आजोळ देवगडच्या बाजूचं. वाहत्या जाळ्याच्या एका टोकाला होडी असते, दुसऱ्या टोकाला बोयावर दिवा बांधून सोडतात आणि मधे सगळं जाळं पाण्यात लोंबत असतं, हे मला पाचवीत असल्यापासून माहीत. पण हरयाणाच्या पोराने ते मला सांगावं? मी म्हणालो, "मुझे मालूम है," आणि तसंच पुढे गेलो.

एक विजेरी आमच्या दिशेने वेड्यासारखी हलायला लागली. होडी जवळून गेली तेव्हा तिच्या उजेडात एक म्हातारा तांडेल दोन्ही हात वर करून उभा असलेला दिसला. मग त्याचा आवाज आला. अस्सल मालवणी. माझ्या आवशीपासून सुरू करून त्याने दोन पिढ्या मागे नेल्या. ब्रिजवर ती भाषा समजणारा मी एकटाच होतो. लुकआउटने विचारलं, "क्या बोल रहा है, सर?" मी म्हणालो, "कुछ नहीं. रास्ता दे रहा है."

लॉगमध्ये मी लिहिलं की मच्छीमार नौका सुरक्षित अंतरावरून ओलांडल्या. पुढे जहाज गोदीत गेलं तेव्हा पाणबुड्यांनी शाफ्टभोवती गुंडाळलेल्या हिरव्या नायलॉनचा गुंता कापून काढला. जेवणाच्या टेबलावर कॅप्टनने सहज विचारलं, हे कुणाच्या वॉचमध्ये झालं असेल? इंजिनीअर म्हणाला, सांगता येत नाही. मी भात कालवत होतो. कालवत राहिलो.

जाळं म्हणजे त्या म्हाताऱ्याचा हंगाम. ते नव्याने घ्यायचं तर व्यापाऱ्याची उचल घ्यावी लागते, आणि उचल घेतली की पुढची मासळी त्याच व्यापाऱ्याला, तो देईल त्या भावाने. हे मला पुस्तकातून कळलेलं नव्हतं. आजोळी पडवीत बसून हे हिशेब ऐकतच मोठा झालो. त्या जाळ्याचे पैसे मी कधी दिले नाहीत. कुठल्या बंदराची होडी हे शोधणं अवघड नव्हतं. मी शोधलं नाही.

लेफ्टनंटच्या वयातली चूक म्हणून हे सोडून देता आलं असतं. पण कॅप्टनला न सांगणं किती सोपं असतं हे मी त्या जेवणाच्या टेबलावर शिकलो होतो, आणि स्वतः कॅप्टन झालो तेव्हा सोयिस्करपणे विसरलो होतो.

मधली वर्षं बरी गेली, म्हणजे अहवाल चांगले आले. निलगिरीतल्या वेलिंग्टनला शिकवायला पाठवलं. हवा उत्तम, वर्गात तिन्ही दलांचे हुशार अधिकारी. तिथे माझं एक व्याख्यान गाजलं. विषय अ‍ॅडमिरल ट्रायन.

२२ जून १८९३. ब्रिटनचा भूमध्य ताफा आजच्या लेबनॉनमधल्या त्रिपोलीसमोर. सर जॉर्ज ट्रायन ताफ्याचे प्रमुख, 'व्हिक्टोरिया'वर. जहाजांच्या दोन रांगा समांतर चाललेल्या, मधलं अंतर सहा केबल. केबल म्हणजे सागरी मैलाचा दहावा हिस्सा, १८५ मीटरच्या आसपास. ट्रायनने हुकूम काढला की दोन्ही रांगांनी एकमेकींच्या दिशेने आत वळून उलट फिरायचं. अशी वळणं घ्यायला दोन जहाजांना मिळून आठ केबल तरी हवेत, हे गणित ताफ्यातल्या कुठल्याही अधिकाऱ्याला तोंडी करता आलं असतं. स्टाफने आठ सुचवले, ट्रायनने मान्यही केले, आणि संकेत मात्र सहाचा लावला. पुन्हा विचारणा झाली; उत्तर आलं, सहाच. दुसऱ्या रांगेच्या पुढे रिअर अ‍ॅडमिरल मार्कहॅम होते. ते थबकले, तर कशासाठी थांबलात अशी सगळ्या ताफ्यादेखत विचारणा झाली. मग तेही वळले. त्यांच्या 'कॅम्परडाउन'ची नाळ 'व्हिक्टोरिया'त घुसली. ट्रायनसकट ३५८ माणसं गेली. वाचलेल्यांत त्या जहाजाचा एक्झेक्युटिव्ह ऑफिसर जॉन जेलिको होता. जटलंडच्या लढाईत, १९१६ मध्ये, ब्रिटिश ताफा त्याच्या हाताखाली होता.

मी फळ्यावर खडूने दोन रांगा काढायचो, सहाचा आकडा घालायचो, आणि वळून वर्गाला विचारायचो, "इतक्या माणसांना दिसत होतं, मग एकानेही हात का धरला नाही?" थोडा वेळ कुणीच काही बोलत नसे. मग चर्चा. चांगली टाळी मिळायची.

त्यानंतर मला जहाज मिळालं.

छोटी युद्धनौका होती. कमांडरच्या हुद्द्यावर तिचा ताबा मिळाला की माणसाला आकाश ठेंगणं होतं, मलाही झालं. माझा एक्झेक्युटिव्ह ऑफिसर, एक्सओ, खणखणीत आवाजाचा आणि मनात काही न ठेवणारा गडी होता. एका बंदरात धक्क्याला लागताना मी वेग जरा जास्त ठेवला. तो ब्रिजवरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "टू फास्ट, सर." त्याचं बरोबर होतं. मी इंजिनं उलटी फिरवीपर्यंत जहाजाने धक्क्याचे फेंडर दाबले आणि पुढचा रंग खरवडला. नुकसान रंगाच्या दोन डब्यांचं.

संध्याकाळी त्याला केबिनमध्ये बोलावून मी सांगितलं, ब्रिजवर चारचौघांत कॅप्टनला दुरुस्त करायचं नसतं. तो म्हणाला, "सर, केबिनमध्ये येऊन सांगायला वेळ नव्हता." यालाही माझ्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर नसलं की राग येतो, तसा आला.

वर्ष संपलं तेव्हा त्याचा गोपनीय अहवाल मी लिहिला. या अहवालांची भाषा मोठी सभ्य असते. वाईट कुणीच लिहीत नाही, आणि सगळेच चांगले असल्यामुळे कमी चांगलं लिहिलं तरी काम होतं. मी लिहिलं, अत्यंत सक्षम अधिकारी. वरिष्ठांशी बोलताना थोडी समज वाढवायला हवी. आकड्यांत जरासा हात आखडला. सही केली, चहा घेतला. पाच मिनिटांचं काम.

पुढे कॅप्टनच्या हुद्द्याच्या निवडीला, जिथे सारख्याच योग्यतेचे बरेच जण आणि जागा थोड्या, तिथे असं एक वाक्य पुरतं. तो कमांडरवरच राहिला, मुदतीआधी बाहेर पडला, आणि आता समुद्रातल्या तेलविहिरींना जहाजं पुरवणाऱ्या एका कंपनीत मोठ्या जागेवर आहे. पगार माझ्या पेन्शनच्या कैक पट. झालं ते त्याच्या भल्याचंच झालं, असं मित्र मला समजावतात. त्याला एक्सओ म्हणून पाहिलेले खलाशी मात्र असं म्हणत नाहीत.

त्याच्या जागी आलेला एक्सओ शांत होता. त्याच्या कानावर सगळं आलेलं असणारच. जहाजावर काही लपत नाही. 'येस सर' तो वेगवेगळ्या सुरांत म्हणे, पण शब्द तेच. बाकीचे अधिकारीही हळूहळू त्याच वळणावर गेले. ब्रिजवर आवाज राहिला फक्त माझा. मला वाटायचं, जहाज आता कसं छान शिस्तीला लागलंय.

जहाज छान शिस्तीला लागल्यावर जे व्हायचं ते डिसेंबरात झालं.

नौदल सप्ताहात छोट्या बंदरांना जहाजं पाठवतात. शाळेची मुलं येऊन बघतात. पश्चिम किनाऱ्यावरच्या एका खाडीत आम्हाला जायचं होतं. तोंडाशी रेतीचा बांध, तो ओलांडला की आत नांगर टाकण्याइतकं पाणी. आपले समुद्राचे चार्ट छापतात देहरादूनला, समुद्रापासून शक्य तितक्या लांब. पण ते उत्तम असतात, दोष त्यांच्यावर ढकलता येणार नाही. दर पावसाळ्यानंतर रेती थोडी हलते, इतकंच. आणि ही सूचनाही चार्टवर छापलेली असते.

भरतीचा माथा सकाळी नऊला. बेत असा की माथ्याच्या जरा आधी बांध ओलांडायचा. पण पहाटे मी 'माणूस पाण्यात पडला' हा सराव घेतला, तो ढिसाळ झाला, म्हणून परत घेतला, तोही मनासारखा झाला नाही म्हणून तिसऱ्यांदा. खलाशी दमले, वेळ गेला. खाडीच्या तोंडाशी पोहोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. धक्क्यावर शाळेची मुलं उन्हात उभी होती, मांडवात जिल्ह्याचे अधिकारी. बिनतारीवरून दर दहा मिनिटांनी विचारणा, किती वेळ?

ओहोटीचा एक साधा ठोकताळा आहे. एकूण उताराचे बारा भाग करायचे. पहिल्या तासात एक भाग पाणी उतरतं, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन तीन. म्हणजे माथ्यानंतर दोन तास पाणी बेतानेच उतरतं आणि मग पळायला लागतं. आम्ही नेमके तिसऱ्या तासात शिरत होतो. दुसरी गोष्ट, उथळ पाण्यात जहाज वेगाने नेलं की ते चालता चालता खाली बसतं. वेग दुप्पट तर बसणं चौपट. आमच्या जहाजाच्या बाबतीत सहा नॉट्सला वीतभर, दहा नॉट्सला जवळपास दीड हात. हे सगळं मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

नॅव्हिगेटिंग ऑफिसर, एनओ, पंचविशीतला लेफ्टनंट होता. चार्टवर वाकलेला. मान वर न करता तो म्हणाला, "सर, रेकमेंड सिक्स नॉट्स. किंवा संध्याकाळच्या भरतीला जाऊ."

मी धक्क्याकडे दुर्बीण लावून बसलो होतो. मुलांच्या हातात कागदी झेंडे होते. मी म्हणालो, "संध्याकाळपर्यंत ती पोरं उभी राहणार आहेत का? दहा ठेवा."

त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. एक्सओने एनओकडे पाहिलं. मग दोघांनीही समोर पाहिलं. "येस सर," एनओ म्हणाला.

आवाज झालाच नाही. सिनेमात होतो तसा धक्काही नाही. होकायंत्राशेजारी माझा चहाचा मग ठेवलेला होता, त्यातला चहा थरथरायला लागला. वेगमापकावरचा वेग, इंजिनांना कुणी हात न लावता, दहावरून आठ, आठवरून सहा होत गेला. मी मागे वळून पाहिलं. जहाजामागची फेसाळ पांढरी वाट गढूळ, पिवळट झाली होती. खालून, मशिनरी कंट्रोल रूममधून, इंजिनीअरचा आवाज आला, "ब्रिज, स्टारबोर्ड शाफ्ट हेवी व्हायब्रेशन." इको साउंडर पुकारणारा खलाशी शेवटचा आकडा सांगून थांबला होता, कारण पुढे सांगायला आकडा उरला नव्हता.

मी इंजिनं बंद केली. जहाज रेतीवरून घसरत, आपल्याच ओढीने, बांधाच्या पलीकडे आत गेलं. अडकलो नाही, हे नशीब. आत नांगर टाकला. मुलं आली, त्यांना तोफ दाखवली, लाडू वाटले. एका मुलीने मला विचारलं, "काका, तुमचं जहाज कधी आपटलंय का?" मी म्हणालो, "नाही बाळा." त्याच वेळी पाणबुडे मागच्या बाजूने पाण्यात उतरत होते. उजव्या प्रोपेलरच्या पात्यांची टोकं वळली होती.

जहाज कोरड्या गोदीत गेलं. पुढच्या सरावाला आमच्या जागी दुसरं जहाज पाठवावं लागलं. ते नुकतंच परतलेलं, त्याच्या खलाशांच्या सुट्ट्या रद्द झाल्या. कुणाचं लग्न पुढे गेलं, कुणाच्या बायकोचं बाळंतपण तो नसताना झालं. हे मला त्या जहाजाच्या कॅप्टनने क्लबात सांगितलं. दोष देत नव्हता, नुसती माहिती देत होता.

बोर्ड ऑफ इन्क्वायरी बसलं. मी सांगितलं, संपूर्ण जबाबदारी माझी. हे वाक्य म्हणताना छाती जरा पुढे येते. मग एनओला बोलावलं.

"तुम्ही कॅप्टनला कमी वेगाची शिफारस केली?"

"येस सर. एकदा."

"त्यांनी ती नाकारल्यावर पुन्हा सांगितलं?"

"नो सर."

"का नाही?"

तो गप्प राहिला. मी तिथेच बसलो होतो. माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही, आणि मला तेच जास्त लागलं. का नाही, याचं उत्तर माझ्याच हस्ताक्षरात एका गोपनीय अहवालात लिहिलेलं होतं. फक्त तो अहवाल त्याचा नव्हता. बोर्डाने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देणं माझं काम होतं. मी पुन्हा म्हणालो, जबाबदारी माझी. ते म्हणाले, "ती तुमची आहेच. आम्ही यांच्याबद्दल विचारतोय."

मला 'सिव्हियर डिस्प्लेजर' मिळालं. नौदलाची ही नाराजी कागदावर येते, फाइलमध्ये लागते, आणि पुढच्या प्रत्येक निवड मंडळापुढे तुमच्या आधी जाऊन बसते. एनओलाही नाराजीचं पत्र मिळालं, माझ्यापेक्षा एक पायरी सौम्य. कारण दिलं होतं की धोका दिसत असताना त्याने पुरेशा आग्रहाने सल्ला दिला नाही. नियमाने पाहिलं तर बोर्डाचं चुकलं नव्हतं. नॅव्हिगेटरने आग्रह धरायचाच असतो.

कॅप्टनची जबाबदारी म्हटलं की लोकांना 'खुकरी' आठवते. ९ डिसेंबर १९७१, दीवच्या समुद्रात पाणतीर लागून बुडालेली. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी, त्या अधिकाऱ्यांतच कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला. व्याख्यानानंतर हमखास कुणीतरी विचारतं, तुम्ही असता तर जहाजाबरोबर गेला असता का? या प्रश्नाला खरं उत्तर देता येत नाही, त्यामुळे तो सोपा आहे. मला २६ फेब्रुवारी २०१४ चा दिवस जास्त आठवतो. 'सिंधुरत्न' पाणबुडीत आग लागून दोन अधिकारी गेले, आणि त्याच दिवशी नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल डी. के. जोशी यांनी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. कचेरीत बातमी आली तेव्हा सगळे त्याबद्दल आदराने बोलत होते. मी हो ला हो करत होतो. मीही एकदा जबाबदारी घेतली होती. माझं घेऊन झालं, आणि तरी एका लेफ्टनंटच्या वाट्याला पत्र गेलं. त्यावर मी काय केलं? त्याच्यासाठी एक विनंतीपत्र वर पाठवलं. वरून नम्र शब्दांत उत्तर आलं. मी ते फाइलला लावलं.

घरचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे फिर्यादी अजून हयात आहे. सुट्टीवर आलो की मी शनिवारी घरात राउंड्स घ्यायचो. कपाटं, स्वयंपाकघर, मुलीचं टेबल. दोषांची यादी, पुढच्या शनिवारपर्यंत मुदत. टेबल नेहमी चकचकीत असायचं. दहावीच्या सहामाहीत ती गणितात नापास झाली होती, हे मला तिच्या लग्नात तिच्या मैत्रिणीकडून कळलं. घरी आल्यावर बायकोला विचारलं, मला का नाही सांगितलं? ती दागिने डब्यात ठेवत होती. म्हणाली, "तुम्हाला सांगून काय झालं असतं?" मी उत्तर शोधत राहिलो, तोवर ती झोपायला गेली होती.

एनओ नौदलातच राहिला. त्या पत्राची मुदत संपली, पुढे त्याने चांगली जहाजं चालवली. अडथळा आला, पण अडला नाही. काही वर्षांनी तो कोचीच्या नॅव्हिगेशन स्कूलमध्ये शिकवायला गेला. एक दिवस त्याचा फोन. म्हणाला, "सर, त्या खाडीची केस मी वर्गात घेतो. जहाजाचं नाव न सांगता. तुम्ही येऊन बोलाल का?" मला वाटलं टोमणा आहे. नव्हता. त्याने तिकिटाची व्यवस्थाही केली होती.

गेलो. त्याने भिंतीवर तोच चार्ट लावला होता, आमचा मार्ग पेन्सिलीने आखलेला, अकरा वाजल्यानंतरच्या प्रत्येक वेळेसकट. मी कधीच वेलिंग्टनला बोललो नव्हतो इतकं वाईट बोललो. अडखळत, मागे पुढे करत. ट्रायनचं नावही काढलं नाही. संपल्यावर मागच्या बाकावरच्या एका सबलेफ्टनंटने हात वर केला.

"सर, एनओने दुसऱ्यांदा सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं?"

मी म्हणालो, "नाही. त्या दिवशी नाही."

"आणि तिसऱ्यांदा सांगितलं असतं तर?"

वर्ग हसला. त्यांचा शिक्षक भिंतीला टेकून उभा होता. तो हसला नाही, माझ्याकडे बघत होता.

"तिसऱ्यांदा सांगितलं असतं तर त्याला ब्रिजवरून खाली पाठवलं असतं," मी म्हणालो. "आणि मग त्याला ते पत्र मिळालं नसतं."